भिवाच्या टाकीतली जित्राबं

भिवाला कुणी विचारलं, "काय रं, जित्राबं किती तुझ्याकडं?" तर तो बोटांवर मोजून सांगायचा, "घरी एक म्हैस, दोन शेळ्या. आन दवाखान्यात काही कोटी." विचारणारा पोट धरून हसायचा. भिवा मात्र हसायचा नाही, कारण त्यानं काही विनोद केलेलाच नसायचा.

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्यात कोटी जित्राबं म्हणजे काय भानगड? सांगतो. अंबडला एका ट्रस्टचा चाळीस खाटांचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला, कुणी सहसा फिरकत नाही अशा जागी, सांडपाण्याचा प्लँट आहे. संडासाचं, मोऱ्यांचं, लादी धुतलेलं, सगळं पाणी तिथं येतं. एका मोठ्या टाकीत खालून हवा सोडतात आणि त्या टाकीतल्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते घाण खातात आणि पाणी निवळतात. दवाखान्यातल्या कुणाला हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. डॉक्टरला पेशंट दिसतो, पेशंटला बिल दिसतं. मोरीतून खाली गेलेलं पाणी कुणाला दिसतं?

भिवा शहागडजवळच्या खेड्यातला. गोदावरीच्या काठानं गुरं वळण्यात त्याचं लहानपण गेलं. चौदा वर्षांमागं दवाखान्यात वॉचमन म्हणून लागला, तेव्हाच हा प्लँट बसत होता. पुण्याहून आलेल्या इंजिनियरला शिकवायला कुणी सापडेना, म्हणून त्यानं वॉचमनला शिकवलं. चार दिवस शिकवलं आणि निघून गेला. पण काय शिकवलं हो! एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरायचं, अर्धा तास ठेवायचं. गाळ खाली बसला, वर पाणी नितळ राह्यलं, तर जीव खुशाल. गाळ वरच तरंगला, तर काहीतरी दुखतंय. "बैलानं चारा टाकला तर तू काय करतो, तसंच," असं तो इंजिनियर म्हणाला होता. भिवाला तेवढं पुरलं. त्या माणसाचं नाव भिवा आजही हात जोडून घेतो.

चौदा वर्षं त्यानं ती टाकी गोठ्यासारखी सांभाळली. गाळाचा रंग तो लांबून ओळखायचा. तांबूस चॉकलेटी असला तर ठीक. वास नांगरटीच्या मातीचा आला तर त्याहून ठीक. दिवाळीत दवाखाना रिकामा व्हायचा, टाकीत खायला काही यायचं नाही. मग हा बाबा घरून गूळ आणि शेण घेऊन यायचा आणि कालवून टाकीत सोडायचा. त्याची बायको झुंबरबाई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "घरच्या म्हशीला पेंड न्हाई, आन दवाखान्याच्या किड्यांला गूळ! लगीन माझ्याशी केलं का त्या टाकीशी?"

"ती बोलत न्हाई," भिवा म्हणायचा, "एवढाच फरक."

गेल्या दिवाळीनंतर मात्र टाकीला दृष्ट लागल्यासारखं झालं. गाळ राखाडी पडला. वर पांढरा फेस, कपडे धुतल्यावर येतो तसला. नळकांड्यातला गाळ अर्धा तास काय, दोन तास झाले तरी खाली बसेना. भिवानं गूळ वाढवला, हवा वाढवली, नवं शेण घातलं. दोन-तीन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा मेलं सगळं. बाहेर पडणारं पाणी घाण मारायला लागलं. खालच्या ओढ्यावर घास लावणारे शेतकरी भांडायला आले. प्रदूषणवाल्या सरकारी कार्यालयाची नोटीस आली.

दवाखान्याचे मॅनेजर सोमेश्वर साहेब. माणूस वाईट नाही, पण नोटिशीच्या कागदाला भ्यायलेला. भ्यायलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी खालचा सापडतो. त्यांनी भिवाला बोलावून सरळ सांगितलं, "तू झोपा काढतोस. हवेचं मशीन बंद ठेवतोस. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. प्लँट जालन्याच्या कंत्राटदाराला देऊन टाकायचा, असा ठराव येणार. तुझं बघ तू आता."

भिवाला नोकरी जायची भीती होतीच, वय पंचावन्न, या वयात कोण उभं करतं? पण त्याहून मोठा काटा दुसराच होता. चौदा वर्षं ज्यानं एक दिवस झोप घेतली नाही, त्याच्या कपाळी झोपाळू म्हणून शिक्का बसणार होता. त्या संध्याकाळी तो झुंबरबाईला म्हणाला, "काढून टाकलं तरी चालन गं. पण म्यां मारली असं म्हणून काढू नये. म्यां न्हाई मारली."

प्लँटचं पाणी दर महिन्याला तपासायला नवीन जालन्यात जायचं. तिथं स्टेशनकडून येताना मूलचंदजींचं बियाण्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर त्यांची लेक एकता पाणी तपासायची लॅब चालवते. राजस्थानातून चार पिढ्यांमागं आलेलं घर. पोरगी रसायनशास्त्र शिकली आणि बियाणं विकायचं सोडून लोकांचं पाणी हुंगत बसली, असं मूलचंदजी स्वतःच कौतुकानं सांगतात. भिवानं तिला फोन लावला आणि म्हशीचं दुखणं ढोराच्या डॉक्टरला सांगावं तसं सगळं सांगितलं. फेस कसा, रंग कसा, कोणत्या वारी मरतात.

एकता लक्ष देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "काका, लादी पुसायचं औषध बदललं का तुमच्याकडं?"

"व्हय, दिवाळीपासून नवं आलंय. जांभळं. वास लई भारी हाये त्याला."

"मंग एक काम करा. तीन बाटल्या आणा. एक टाकीत येणाऱ्या पाण्याची, एक बाहेर जाणाऱ्या पाण्याची. आणि एक तुमच्या घरच्या विहिरीची, जिथं हे औषध कधी गेलेलं नसणार. बाटल्या मात्र बिलकुल साफ पाहिजेत हां, काका."

बिलकुल साफ. आता दवाखान्यात राबणाऱ्या माणसाला साफ म्हणजे काय ठाऊक असणार? कोरोनाच्या दोन वर्षांत त्याच्या अंगात एक गोष्ट मुरली होती, पाण्यानं धुतलं ते धुतलं नव्हे, औषधानं पुसलं ते साफ. पोरीनं एवढ्या आपुलकीनं सांगितलंय, तर तिच्या हातात काही मळकं जाऊ नये. भिवा वॉर्डातल्या कांताबाईकडं गेला. कांताबाई अकरा वर्षांपासून तिथं साफसफाई करते. तिच्याकडून त्यानं अर्धा पेला जांभळं औषध आणलं, ते बादलीभर पाण्यात कालवून तिन्ही बाटल्या रात्रभर त्यात बुडवून ठेवल्या, सकाळी एकदा विसळल्या आणि उन्हात वाळवल्या. बाटल्या अशा चमकल्या की बघत राहावं. बिचारा खुशीत होता.

गुरुवारी तो एसटीनं जालन्याला गेला. एकतानं प्रत्येक पाण्यात निळा रंग घातला आणि वर एक जड औषध ओतलं, पाण्याच्या खाली जाऊन बसणारं. काचेचं ते भांडं तिनं जोरात हलवलं आणि टांगून ठेवलं. तिनं समजावलं, "फिनेलचं नवं भावंड आहे हे, काका. जंतू मारायला घालतात, पण ते चांगलं-वाईट बघत नाही. पाण्यात ते असलं तर निळा रंग धरून खाली ओढतं. तळ निळा झाला तर आहे. तळ पांढरा राह्यला तर नाही."

येणाऱ्या पाण्याचा तळ निळा झाला. बाहेर जाणाऱ्याचाही झाला, गडद निळा. भिवाच्या छातीवरचा दगड उतरला. त्याला वाटलं, पोरीच्या पाया पडावं. सापडला चोर! आता शनिवारी हा कागद कमिटीपुढं ठेवला की झालं.

मग एकतानं तिसरं भांडं उचललं. विहिरीच्या पाण्याचा तळही तसाच निळाशार. ती हसली आणि म्हणाली, "काका, तुमच्या विहिरीत दवाखाना कुणी बांधला?"

भिवा हसला नाही. त्या निळ्या तळाकडं तो बघत राह्यला आणि त्याला सगळं कळलं. एकता विचारत होती, विहिरीजवळ कुणाचा दवाखाना आहे का, गावातलं गटार जवळून जातं का. एक खोटं वाक्य पुरं होतं. हो, गावात एक डॉक्टर बसतो, एवढं म्हणाला असता तर तिन्ही आकडे जागच्या जागी बसले असते आणि शनिवार सुखानं पार पडला असता. कोण बघायला येणार होतं शहागडला? भिवाच्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं.

पण तो म्हणाला, "ताई, विहीर चोख हाये. बाटल्या म्यां त्याच जांभळ्या औषधानं धुतल्या. तुमी साफ म्हन्लं म्हणून."

एकतानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग तिनं डोक्याला हात लावला. "अरे देवा. काका, हे औषध काचेला, प्लास्टिकला चिकटून बसतं. दहा वेळा विसळलं तरी निघत नाही. मंग हे सगळं रद्द. येणारं, जाणारं, सगळंच. यातलं काहीच खरं धरता येत नाही."

"न्हाई धरता येत," भिवा म्हणाला. "मंग निघतो मी."

तो जिन्यापर्यंत गेला होता. चप्पल पायात घालत होता. मागून आवाज आला, "मीटिंग शनिवारी आहे ना? मंग उद्या सकाळी मी येते अंबडला. बाटल्या माझ्या मी आणते. तुम्ही कशाला हात लावायचा नाही."

भिवानं पायातली चप्पल पुन्हा काढली. नंतर तो कितीतरी जणांना सांगत होता, "कोन कोनाची पोरगी, आन म्हन्ती मी येते."

शुक्रवारी नऊच्या एसटीनं एकता आली. स्पिरिटनं धुतलेल्या, तोंडं बांधलेल्या बाटल्या. पाणी घेतलं. मग टाकीच्या कडेला बसून तिनं गाळही घेतला. भिवानं विचारलं, गाळ कामून? ती म्हणाली, "चिकटणारं औषध आहे. बाटलीला चिकटतं, तसं गाळालाही चिकटतं. पाणी वाहून जातं, गाळ राहतो." आणि मग बाटलीला झाकण लावता लावता तिनं जे सांगितलं, ते भिवानं जपून ठेवलं. "काका, चार वर्षं झाली लॅब काढून. लोक येतात ते पाहिजे तो आकडा मनात घेऊन येतात. हातात आलेला आकडा स्वतःहून खोटा ठरवणारे तुम्ही पहिलेच. म्हणून आले मी."

संध्याकाळी तिचा फोन आला. पाण्यात थोडंसंच सापडलं, फिकं निळं. भिवाला वाटलं, संपलं सगळं. पण एकताचं बोलणं संपलं नव्हतं. "गाळ स्पिरिटमध्ये घुसळला, काका. तळ असा निळा झालाय की शाई वाटावी. महिनोन्‌महिने साचलंय ते. तुमचे जीव उपाशी नव्हते. ते औषध पिऊन मरत होते."

शनिवारी अकराला कमिटी बसली. अध्यक्ष धापूबाई, दवाखाना काढणाऱ्या शेठजींच्या पत्नी, पंचाहत्तरीच्या, पांढरं लुगडं आणि नजर धारेची. एकतानं सकाळच्या एसटीनं पाठवलेला रिपोर्ट भिवानं पुढं ठेवला. सोमेश्वर साहेबांनी तो वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. एकतानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आधीचे नमुने रद्द, कारण नमुने आणणाऱ्यानं बाटल्या जंतुनाशकानं धुतल्याचं स्वतः सांगितलं.

"बघा," सोमेश्वर साहेब म्हणाले, "यानं स्वतःच औषध घातलं होतं बाटलीत. मग टाकीत यानंच घातलं नसेल कशावरून? वॉर्डात औषध मापानंच वापरतात. एका बादलीला एक टोपण. तेवढ्यानं काही मरत नाही."

भिवाच्या खरं बोलण्याचीच दोरी करून त्याच्या गळ्यात टाकली होती. बाटलीत औषध घातलं ते खरंच होतं की.

कांताबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला काही कुणी विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हतं. ती चहा ठेवून गेली असती तर दवाखान्यातल्या कुणीच तिला दोष दिला नसता. घरात तिच्या एकटीच्या कमाईवर चार माणसं, हे अख्ख्या दवाखान्याला ठाऊक होतं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "कोनतं टोपण, साहेब?"

"काय?"

"टोपण कोनतं म्हन्ती मी. मला तर कोनी टोपण दिलं न्हाई. जुनं औषध पातळ व्हतं, ते डब्यातून डायरेक ओतायचो. नवं आलं ते बी तसंच ओतून राह्यले मी. बादलीत निम्मं औषध, निम्मं पाणी. मंगळवारी शुक्रवारी आप्रेशनची खोली धुवायची, तर मंग अजून जास्ती. उरलं की मोरीत. भिवाभाऊनं काही केलं न्हाई. जे केलं ते मह्या हातानं झालं. काढायचं तर मला काढा."

सोमेश्वर साहेब काहीतरी बोलायला गेले. धापूबाईंनी हात वर केला. "माप कुठे आहे? आणा इकडे, बघू द्या मला."

शिपाई स्टोअरमध्ये गेला आणि एक खोका घेऊन आला. आत मापाची पन्नास टोपणं, प्लास्टिकच्या पिशवीत, जशी आली तशी. पिशवी फोडलेलीसुद्धा नव्हती. डब्यावर कसं वापरायचं ते लिहिलं होतं, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. धापूबाईंनी चष्मा पुसून ते वाचायचा प्रयत्न केला आणि डबा खाली ठेवला. "मला वाचता येत नाही, तर या बाईला कसं येईल? चूक डबा घेणाऱ्याची आहे, न सांगणाऱ्याची आहे. ओतणारीची नाही." आणि मग भिवाकडं वळून म्हणाल्या, "प्लँट तुझ्याकडेच राहील. बराबर चालव."

सोमेश्वर साहेबांचंही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी सोमवारी स्वतः हातानं मराठीत कागद लिहून प्रत्येक वॉर्डात चिकटवला, आणि भिवाला गाठून म्हणाले, "झोपेचं बोललो ते मागे घेतो." भिवानं त्यांना चहा पाजला. एकतानं जालन्याच्या एका वसाहतीतल्या प्लँटवाल्यांशी बोलून चांगल्या गाळाचे चार ड्रम टेम्पोत घालून पाठवले. विषारी गाळ वेगळा काढून बंद खड्ड्यात टाकला आणि टाकी नव्यानं भरली.

तिसऱ्या आठवड्यात नळकांड्यातला गाळ अर्ध्या तासाच्या आत खाली बसला. त्याच दुपारी भिवानं कांताबाईला बोलावणं पाठवलं. अकरा वर्षांत ती मागच्या अंगाला कधी आली नव्हती. कठड्याला धरून ती टाकीत वाकली. खाली चॉकलेटी पाणी खदखदत होतं आणि त्याला मातीचा वास येत होता.

"हितं येती व्हय माझी बादली?" ती म्हणाली. "अकरा वर्सं ओतली मी. कुठं जाती, ते एकदाबी इचारलं न्हाई."

भिवानं नळकांडं उचलून तिच्या हातात दिलं. त्याच्या पिढीच्या माणसाला आभार मानायची सवय नसते, तोंडात शब्द फिरतच नाही. "मी बी चौदा वर्सं हितं," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या बादलीत काय असतं, ते म्यां कधी इचारलं न्हाई. तेवढी चूक दोघांची निम्मी-निम्मी, बाई. पण त्या दिवशी कोनी इचारलं नसताना तू तोंड उघडलंस, त्यात माझा वाटा न्हाई. ते सगळं तुझं एकटीचं. तुझ्यामुळं मी मान वर करून घरी जातो."

कांताबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडू नको असं भिवा तिला म्हणायला गेला आणि त्यालाच रडू कोसळलं.